टिकलीखालचा ठिपका

अभिमनच्या सायकलची घंटा वाजली की त्याच्या वाट्याच्या बारा गावांत दोन गोष्टी हमखास घडत. ज्यांना काहीही झालेलं नसे ते सदरे वर करून धावत येत, आणि ज्यांना खरोखर काही झालेलं असे ते मागच्या दाराने केळीच्या बागेत पसार होत. अकरा वर्षं हाच खेळ चालला होता. सरकारी कागदावर त्याचं पद ‘कुष्ठरोग तंत्रज्ञ’ असं भारदस्त होतं, पण यावल तालुक्यातल्या त्या गावांत सगळे त्याला ‘चट्टेवाले भाऊ’च म्हणत. पिशवीत कापूस, टाचण्या आणि नोंदवही, डोक्यात संताप, एवढ्या सामानावर त्याची नोकरी चालली होती.

माणूस मुळात तापट नव्हता. लोकांनी केला. सकाळी पहिल्याच दारात एखादी बाई पोराची हनुवटी धरून त्याच्यापुढे उभी राही. “भाऊ, पाहा बरं, ह्याच्या गालावर पांढरं पडलं हाये. जंत झाले ना?”

पहिली दोन वर्षं तो नीट बसून समजावून सांगायचा. बाई, जंत पोटात असतात, गालावर नाही. लहान पोरांची कातडी कोरडी पडते, बाकीचा चेहरा उन्हाने रापतो आणि तेवढाच भाग पांढुरका दिसतो. खोबरेल लावा, दुपारी उन्हात सोडू नका, मोठा झाला की आपसूक जाईल. बाई शेवटपर्यंत मान डोलवी आणि मग विचारी, “मंग जंताची गोयी केव्हा द्याची?”

पुढच्या दारात जवान मजूर. दिवसभर घामाने निथळणाऱ्या पाठीवर आणि मानेवर शिबं उठलेली. ती एक बुरशी, घामट ओल्या कपड्यात वाढते, मलम लावा आणि सदरा रोज धुवा, इतकं साधं औषध. पण नाही. गावाने कारण आधीच शोधून ठेवलेलं असे : दुधावर मासे खाल्ले.

“तुमच्या घरी मासे शिजतात?” अभिमनने एकदा एका म्हाताऱ्याला विचारलं.

“नही बाप्पा,” तो गळ्यातली तुळशीची माळ चाचपत म्हणाला, “आमी मायकरी मानसं.”

“मग खाल्ले कोणी?”

“शेजारच्यानं,” म्हातारा गंभीरपणे म्हणाला.

म्हाताऱ्यांची आणखी एक तऱ्हा होती. नडगीवर, हातावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके आले की त्यांची पाचावर धारण बसे. ते वयाचे आणि उन्हाचे ठिपके, त्यांना औषधही नको. डोकं कापसासारखं पांढरं झालं त्याचं ज्याला काही वाटलं नाही, तो नडगीवरच्या चार कण्या पाहून मृत्युपत्राच्या गोष्टी करू लागे. एका बाईच्या दोन्ही पावलांवर रबरी चपलेचे पट्टे पांढरे उमटले होते, अगदी अंगठ्याच्या फटीपासून जसेच्या तसे. ती त्याच चपला घालून त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “कशानं झालं असन हो, भाऊ?” अभिमनने आधी चपलेकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं.

आणि ज्याच्यासाठी सरकार त्याला पगार देत होतं, तो चट्टा कोणीच दाखवीत नसे. तो खाजत नाही, दुखत नाही, टाचणी टोचली तरी कळत नाही. लोकांना त्याचा फार आधार वाटे. दुखत नाही ना, मग राहू दे. “अरे, जे दुखत नाही त्यालाच भ्या!” असं अभिमन घसा फोडून सांगे. वेळेवर गोळ्या घेतल्या तर माणूस खडखडीत बरा होतो, त्याने स्वतः पंचेचाळीस जण बरे झालेले पाहिले होते. पण त्या पंचेचाळिसांतला एकही आपण बरे झालो असं चारचौघांत सांगायला तयार नव्हता. घरी जेवताना तो ह्या सगळ्याचा पाढा वाचू लागला की त्याची बायको बेबाबाई भाकरी वाढता वाढता म्हणे, “आता ताटावर तरी चट्टे आनू नका.”

तिचंही खरं होतं. ही नोकरी लागली तेव्हा तिच्या सख्ख्या भावाने वर्षभर त्यांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. अभिमनचा बाप सालदार, आई लोकांच्या केळीत निंदणीला जाणारी. पोरगा मॅट्रिक झाला, ट्रेनिंग करून सरकारी नोकर झाला, बुद्धविहारात त्याच्या नावाने टाळ्या वाजल्या. मग खातं कोणतं ते कळलं आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनी हात धुतले. ‘कुष्ठरोग’ ह्या एका शब्दाची दहशत काय असते, हे सांगायला अभिमनला पुस्तकाची गरज नव्हती. म्हणून तर त्याने पुढे जे केलं त्याची चीड त्याला जन्मभर पुरली.

झालं असं. साकळीच्या पुढच्या गावात जीवराम म्हणून केळीवाले होते. चार विहिरी, दोन बैलजोड्या, गावात शब्दाला वजन. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांची मुलगी सुनंदा, बारावी शिकलेली, हसरी, कामाला वाघीण. तिची सोयरीक सावद्याच्या तोताराम आबांच्या मुलाशी जमली. मुलगा शेतकी खात्यात नोकरीला, स्वभावाने गरीब. बोलणी झाली, याद्या झाल्या आणि माघात कुंकू लावायचा दिवस ठरला. त्या समाजात मुलाकडच्या वडील सवाष्णीने मुलीच्या कपाळाला कुंकू लावून ओटी भरली की गोष्ट पक्की. मग मांडव तेवढा राहतो.

मुलाची आई द्रौपदाबाई पाच सवाष्णी घेऊन आली. सुनंदा पाटावर बसली. कपाळावर मोठी मरून टिकली, गंधाच्या बाटलीतली नव्हे, त्या वर्षांत घरोघरी आलेली चिकटवायची, आठवडी बाजारात पाकिटाने मिळणारी. कुंकू लावायचं तर आधी कपाळ मोकळं करायला हवं. द्रौपदाबाईंनी हौसेने नखाने ती टिकली उचलली. खाली तुरीच्या डाळीएवढा पांढराफटक ठिपका, आणि त्याच्या कडेला दोन बारके.

द्रौपदाबाईंचं कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं. “अवं माय,” मागची एक बाई म्हणाली, “हे तं कोड!” बोटावरचं कुंकू द्रौपदाबाईंनी लुगड्याच्या पदराला पुसलं आणि ओटीचा नारळ पुन्हा पिशवीत गेला. ताटं वाढलेली होती. कोणी जेवलं नाही.

जीवरामनाना दुसऱ्याच दिवशी मुलीला जळगावला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं की कोड नाही. टिकलीच्या मागच्या चिकट गोंदात जे द्रव्य असतं, ते काहीजणींच्या कातडीला सोसत नाही. तिथला रंग मरतो. टिकली बंद करा, हे मलम लावा, महिने लागतील पण रंग येईल. चिठ्ठी लिहून दिली, इंग्रजीतून.

ती चिठ्ठी तोताराम आबांनी उलटीसुलटी करून बघितली आणि परत पाठवली. पैसे दिले की डॉक्टर काहीही लिहितो, असा निरोप बरोबर आला. सरकारी कागद असेल तर बोला.

म्हणून नानांनी अभिमनला बोलावणं पाठवलं.

एरवी अभिमन त्या घरी गेला की ओट्यावर बसे. ओट्याच्या कोनाड्यात त्याच्यासाठी एक दांडी तुटलेला कप असे. त्या कपाबद्दल अकरा वर्षांत ना नाना कधी बोलले, ना अभिमन. त्या दिवशी मात्र नाना स्वतः दारापर्यंत आले, “ये भो, आत ये,” म्हणाले आणि थेट माजघरात नेऊन खुर्ची दिली. चहा काचेच्या कपाटातल्या कपबशीतून आला. अभिमनला बरं वाटलं. बरं वाटलं ह्याचा रागही आला, पण आधी बरं वाटलं हे त्याने स्वतःपासून लपवलं नाही.

सुनंदा समोर येऊन बसली. त्याने कापसाचं टोक करून तिला डोळे मिटायला लावले. कापूस ज्या जागी टेके त्या जागी ती बिनचूक बोट ठेवी. बधिरपणा नावाला नाही. “केव्हापासून लावता टिकली?”

“मॅट्रिकपासून. आंघोयीलेही काढत नव्हती.”

“आणि हा ठिपका केव्हा दिसला?”

तिने आईकडे पाहिलं. आई, लताबाई, भिंतीला टेकून उभी होती. “वर्स झालं,” सुनंदा म्हणाली. “पहिले मोहरीएवढा व्हता. तो दिसू नये म्हनून मी मोठी टिकली आनली. मंग तिच्याबाहेर दिसाले लागला, मंग आजून मोठी आनली.”

अभिमनने कपाळावर हात मारला. ठिपका वाढला म्हणून टिकली वाढली आणि टिकली वाढली म्हणून ठिपका वाढला. ज्याने जळलं त्याचंच पांघरूण वर्षभर घालत बसली ही शहाणी पोर, आणि घरात विचारायची सोय नाही, कारण विचारलं की आई म्हणणार, कोणाले सांगू नको.

“आता आमाले कागद द्या,” नाना म्हणाले. “सरकारी. गोल शिक्क्याचा.”

“नाना, माझ्याकडे एकच शिक्का आहे. त्याच्यावर ‘कुष्ठरोग नियंत्रण पथक’ असं लिहिलं आहे.”

“मंग लिहा ना, कुष्ठरोग नही म्हनून. तुमचाच शब्द चालन.”

“अहो, पण त्यांनी तसं विचारलेलंच नाही. ते कोड म्हणताहेत. आणि कोड असतं तरी काय बिघडलं असतं? ते लागत नाही, त्याने कोणी मरत नाही. तुम्ही विचारलेलं सोडून भलत्याचं उत्तर देऊ नका. तो शब्द एकदा घरात आला की जात नाही.”

दोनदा तो नाही म्हणाला. तिसऱ्यांदा लताबाईंनी पदर डोळ्याला लावला, नाना म्हणाले, “माह्या पोरीची जिनगानी तुमच्या एका शिक्क्यावर हाये, अभिमनराव,” आणि अभिमनराव हरले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मिळालेल्या ‘राव’ने आपली मती मारली असं त्याने पुढे बेबाबाईजवळ कबूल केलं. त्याने तिथेच पिशवीतून शिक्का काढला आणि लिहून दिलं : सदर मुलीची तपासणी केली. कपाळावरील चट्टा बधिर नाही. सदर मुलीस कुष्ठरोग नाही. टिकलीच्या गोंदामुळे रंग गेला आहे.

सावद्याला तो कागद तोताराम आबांनी ओट्यावर चार माणसांत वाचून घेतला. वाचणारा घाईचा होता. त्याने आधी शिक्का वाचला. मग मुलीचं नाव वाचलं. तेवढ्यावरच एकजण उठून गेला. पुढे ‘नाही’ आहे की काय आहे, हे ऐकायला कोण थांबतो? आणि जे थांबले त्यांचं म्हणणं असं की नसतंच तर लिहायची वेळ का आली?

कोडाची कुजबुज होती ती पंधरा दिवसांत महारोगाची बोंब झाली. निरोप आला : सोयरीक मोडली. सावद्याहून ती बातमी साकळीच्या बसने सुनंदाच्या गावी परत आली, आणि गावाने ती नवी असल्यासारखी ऐकली. जी गल्ली त्या पोरीला जन्मापासून ओळखत होती, त्या गल्लीने तिच्या विहिरीवरून जायचा रस्ता बदलला.

हे अभिमनला कळलं ते चैत्रात, पापडांच्या दिवसात. खानदेशात उडदाचे पापड कोणी एकटं लाटत नाही. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी, सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात, गप्पांना ऊत येतो आणि दुपारपर्यंत शेकड्यांनी पापड खाटेवर वाळत पडतात. त्या दिवशी लताबाईंचा वार होता. अभिमन फेरीवर होता. नानांच्या ओट्यासमोरून जाताना त्याने आत बघितलं, तर परातीत उडदाच्या पिठाचा कुटलेला भलामोठा गोळा, सतरंजी अंथरलेली, आणि सतरंजीवर मायलेकी दोघीच. एकही लाटणं आलं नव्हतं. पीठ वरून वाळून तडकायला लागलं होतं. सुनंदा खाली मान घालून लाटत होती, एकामागून एक, कोणी मागे लागल्यासारखी. कपाळावर आता काहीच नव्हतं. ठिपका उघडा होता.

अभिमन सायकलवरून उतरला. सायकल त्याने ओट्याला टेकवली.

“भाऊ,” सुनंदा मान वर न करता म्हणाली, “कोड व्हतं तेव्हा बरं व्हतं. बायका पापड लाटाले तरी आल्या असत्या.”

तो तिथून निघाला तो गावातली तपासणी टाकून थेट सावद्याच्या बसमध्ये बसला. बसभर तो मनात सगळ्यांना शिव्या घालत होता. नानांना घातल्या, तोताराम आबांना घातल्या, वाचणाऱ्याला घातल्या, आठवडी बाजारातल्या टिकलीवाल्याला घातल्या. सगळ्यात शेलक्या स्वतःसाठी राखून ठेवल्या होत्या. शिक्का उमटवणारा हात त्याचाच होता. आणि आणखी एक गोष्ट त्याला पोळत होती. समजा त्या पोरीला खरोखरच तो रोग असता, तर? सहा महिने, वर्षभर गोळ्या खाऊन बरी झाली असती की. त्याचे पंचेचाळीस जण बरे होऊन ह्याच गावांत शेती करत होते, आणि त्यांच्या रोगाचं नाव हे लोक शिवीसारखं वापरत होते.

तोताराम आबांचं घर मोठं. सरकारी माणूस म्हणून आबांनी त्याला बैठकीत बसवलं. आतून कोणीतरी पाण्याचा तांब्या आणून दिला. त्याने तो घटाघटा रिकामा केला आणि सुनंदाच्या पापडांपासून सुरुवात केली. द्रौपदाबाई दाराच्या चौकटीत येऊन बसल्या. बोलण्यात त्या आबांच्या वरचढ होत्या.

“कागदात लिहिलंय की कुष्ठरोग नाही. नाही! तुम्ही पुढचं वाचलंच नाही का, आबा?”

“आमी अडानी, भाऊ. शिक्का मोठा की अक्षरं मोठी?”

“शिक्का कचेरीचा असतो, पेशंटचा नाही. पोस्टाचा शिक्का बसला म्हणून कोणी पोस्टमन होतो का?”

आबा हसले. द्रौपदाबाई हसल्या नाहीत. “मी माह्या डोयानं पाह्यलं. पांढरं ते पांढरं. टिकलीनं कधी पांढरं व्हते का? इथून तिथून बठ्ठ्या बायका लावता टिकल्या. मी सात वर्सांपासून लावते.”

अभिमनने त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. रुपयाएवढी लाल टिकली. तिच्या कडेला, उजव्या भुवईकडे, नखाच्या कोरीएवढी पांढुरकी रेघ डोकावत होती. अकरा वर्षांची नजर. त्याला राहवलं नाही.

“अक्का,” तो म्हणाला, “तुमची टिकली जरा काढा बरं. खाली काय आहे ते तुम्हीच आरशात बघा.”

एका क्षणात बैठकीतलं वारं फिरलं. द्रौपदाबाई ताडकन उठल्या. “काय म्हनतो हा? घरधनी समोर बसेल हाये अन् हा मानूस मले कुंकू काढाले सांगतो? कोनाच्या मरनावर उठला रे तू?” आबाही उठून उभे राहिले. त्यांचा आवाज थंड होता. “मास्तर, तुमी आता निघा.”

मास्तर! रागात त्याचं खातंही बदललं होतं. अभिमनने पिशवी उचलली. दुसऱ्याच्या पोरीच्या कपाळावरची टिकली नखाने खरवडून काढताना ह्यांना काही अशुभ वाटलं नव्हतं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं आणि तो ते बोललाही असता. पण पुरावा तिथे, त्या एका टिकलीखाली, त्याच्यापासून तीन हातांवर होता, आणि तो दाखवायला ह्या घरातली, ह्या गावातली, ह्या तालुक्यातली एकही सवाष्ण धजणार नव्हती, हे त्याला पक्कं कळलं. सुनंदाचं लग्न संपलं होतं.

“जाऊबाई, त्याह्यले थांबू द्या,” आतून आवाज आला.

मघाशी पाणी देऊन गेलेली बाई चौकटीशी उभी होती. तोताराम आबांच्या धाकट्या भावाची बायको, झुंबरबाई. पस्तिशीची असेल. पातळाचा पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा विहिरीवर विजेचा शॉक लागून गेला होता. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात असे. कुंकू लावायला सुनंदाकडे गेलेल्या बायकांत तिला नेलं नव्हतं, ते तर कोणी बोलूनसुद्धा दाखवलं नव्हतं. लग्नाच्या बोलण्यात ती बाहेर येते हेच आबांना नवल वाटलं. “तू कशाले आली वं?” ते म्हणाले.

झुंबरबाई दोन पावलं पुढे आली. तिने पदर मागे सारला.

कपाळाच्या मधोमध, अगदी टिकलीच्या जागी, टिकलीएवढाच गोल पांढरा ठिपका होता.

“जाऊबाईच्याच पाकिटातल्या लावत व्हती मी,” ती म्हणाली. “पाच वर्सं लावल्या. हे गेले त्या दिवशी बायकाह्यनं टिकली काढली, तवापासून हा ठिपका उघडाच हाये. दोन वर्सं मी तुमाले वाढते, पानी देते. तुमाले कोड लागलं का? महारोग लागला का?”

आबा परत खाली बसले.

“पाह्यलं नही ना कोनी?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि अभिमनला तेच सोसवेना. कारण मघाशी तांब्या घेताना तोही तिच्यासमोर हातभर अंतरावर होता. लोकांची कातडी बघण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने पाणी घेतलं होतं आणि तोंड फिरवलं होतं. रांडाव बाई समोर आली की नजर बाजूला न्यायची, हे त्यालाही कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

तो खाली बसला. पिशवीतून कापूस काढला, त्याचं टोक वळलं. “काकू, डोळे मिटा. जिथे लागेल तिथे बोट ठेवा. आबा, तुम्ही जवळ येऊन बघा. अक्का, तुम्हीही.”

त्याने ठिपक्याच्या मध्ये कापूस टेकवला. झुंबरबाईने तिथेच बोट ठेवलं. कडेला टेकवला, तिने कडेला ठेवलं. वर, खाली, पुन्हा मध्ये. प्रत्येक वेळी बिनचूक. आबा वाकून बघत होते. द्रौपदाबाईंचा हात नकळत स्वतःच्या टिकलीकडे गेला आणि त्यांनी तो झटकन खाली घेतला. मग त्या आतल्या खोलीत गेल्या. आत फळीवरून आरसा काढल्याचा आवाज आला. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टिकली नव्हती, करंड्यातलं ओलं कुंकू होतं, नेहमीपेक्षा मोठं, घाईत लावल्यासारखं. त्या आबांकडे बघून एवढंच म्हणाल्या, “जीवरामभाऊले निरोप धाडा. अक्षयतिजाले येतो म्हना कुंकू लावाले.”

आबांनी सुस्कारा टाकला. “म्हंजे ते कोडही नही अन् तेही नही.”

“दोन्ही नाही!” अभिमन जवळजवळ ओरडलाच. “अकरा वर्षं हेच सांगतोय मी!”

मग घरात एकदम हलकं वारं सुटलं. आबांनी पानाचा डबा पुढे केला, कोणाला तरी साखर आणायला धाडलं, सुनंदाच्या पापडांची चौकशीसुद्धा झाली. द्रौपदाबाईंनी सवयीने हाक दिली, “झुंबर, चहा टाक वं.” झुंबरबाईने पदर पुन्हा कपाळापर्यंत ओढला आणि ती आत वळली.

अभिमन तिच्यामागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. त्याला काहीतरी करायचं होतं. त्याने नोंदवहीचं पान फाडून सुनंदाला दिलेल्या मलमाचं नाव लिहिलं. “काकू, हे जळगावला मिळेल. रोज लावा. जागा जुनी आहे, वेळ लागेल, पण रंग येईल. अगदी पहिल्यासारखा नाही, पण येईल.”

झुंबरबाईने स्टोव्हला पिन मारली, काडी ओढली, आधण ठेवलं. चिठ्ठी तिने घेतली नाही.

“मले कशाले, भाऊ?” ती म्हणाली. “कोन पाहनार हाये?”

पोराच्या गालापासून म्हाताऱ्याच्या नडगीपर्यंत बारा गावांच्या प्रत्येक प्रश्नाला अभिमनकडे तयार उत्तर असे. तो चिठ्ठी हातात धरून तिथेच उभा राहिला, चहा उकळून खाली उतरेपर्यंत.